रैनूच्या मापाचं धनुष्य

एकाहत्तर साली आमची पलटण पंजाबात होती. मी हवालदार, एका सेक्शनचा कमांडर. शिक्षण चौथीपर्यंत. पण डोळे बांधून रायफल खोलणं-जोडणं मी साहेब लोकांना शिकवलेलं आहे, म्हणून हे लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

नागपूरच्या नंदनवनात माझ्या घरामागं टिनाची शेड आहे. तिथं मी धनुष्यबाण बनवतो. शाळेचे मास्तर पोरांसाठी घेऊन जातात आणि विचारतात, "हवालदारसाहेब, बंदुकीचा माणूस तुमी, हे काहून सुरू केलं जी?" मी सांगत नाही. इथं लिहितो.

माझ्या सेक्शनमध्ये शिपाई रैनू होता. चांद्याकडच्या जंगलातला माडिया. एलएमजीवर नंबर दोन, म्हणजे गन चालवणाऱ्याला भरलेल्या मॅगझिन देणारा. बोलायचा कमी. स्वतःच्या हातानं केलेलं बांबूचं धनुष्य घेऊन तो भरतीनंतर पहिल्या सुट्टीवरून परत आला आणि खाटेवर टांगून ठेवलं. कंपनी हवालदार मेजरनं पाहिलं.

"ये क्या है?"

"हथियार, साब."

"हथियार है तो कोत में जमा कर."

कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. रैनूनं खरंच जमा केलं. रायफलींच्या रांगेत शेवटी ते धनुष्य, त्याला चिठ्ठी बांधलेली. रविवारी सही करून काढायचा, लंगरच्या मागं बाण मारायचा, संध्याकाळी पुसून परत. पुसायला मोहाचं तेल, घरून आणलेलं. आम्ही हसायचो. तो पण हसायचा, पण पुसणं सोडत नव्हता.

मी त्याच्याजवळ बसून पाहायचो. तो म्हणे, "उस्ताद, याले टेप लावत नाही. ज्याचं त्याच्या अंगावर नापायचं. जमिनीपासून भुवईपर्यंत. दुसऱ्याचं धनुष्य दुसऱ्याले कामाचं नाही."

"मग माझं कर ना गा एक."

"तुमचं अन माझं एकच होईन. तुमची जर्सी मले होते, माझी तुमाले."

हे खरं होतं. आमची अंगं एका साच्यातली. वाळत घातलेले कपडे नेहमी बदलायचे.

डिसेंबरमध्ये आम्ही बॉर्डरवर एका मातीच्या बांधावर होतो. पुढं शेतं, मागं माणसापेक्षा उंच सरकंडा, बोरूसारखं गवत. रैनूनं तो पाहिला आणि मोर्चा खोदून झाल्याबरोबर सरळ-सरळ काड्या कापून आणल्या. बाणाला एक नंबर म्हणे. सिग्नलच्या तारेनं जुडी बांधून बंकरमध्ये, कोतातून सोबत आणलेल्या धनुष्याजवळ ठेवली. गनवाला नाईक म्हणाला, "टँक आला का हेच मारजो, बे." रैनू म्हणाला, "टँकाले डोळा कुठी असते ते दाखवा, मारतो."

त्या सकाळी रैनूची जर्सी दवानं ओली झाली होती. त्यानं माझी घातली. सात वाजता स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा, उतरला, चहा आला, आणि चहा संपायच्या आत तोफा सुरू झाल्या. मग त्यांची इन्फन्ट्री शेतातून आली. आम्ही थांबवली. परत आली. फोन वाजला. प्लाटून कमांडर सुबेदारसाहेब.

"टू सेक्शन, हाल बताओ."

"ठीक है साब. गोली कम है."

"पीछे से उठाओ. बांध नहीं छोडना."

"नहीं छोडेंगे, साब."

मी फोन ठेवला तर रैनू उठलेलाच होता. "मी जातो, उस्ताद."

"वाकून जा."

सरकंड्यातून गेला आणि पेटी घेऊन आला. ती संपत आली तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलं. "आणखी एक पायजे." तो गेला. येताना बांधाच्या अगदी जवळ होता. गोळा सरकंड्यात पडला. मागचा बंकर पण पेटला, त्यात त्याचं धनुष्य आणि काड्यांची जुडी. आम्ही रैनूला आणि पेटीला दोघांना आत ओढलं. पेटी चांगली होती.

त्या पेटीवर आम्ही दुपारपर्यंत बांध धरून ठेवला. दुसऱ्यांदा त्यालाच काहून पाठवलं, असं मला एकदा विचारल्या गेलं आहे. गोळी पाहिजे होती. आजही पाठवीन. यावर मी बोलत नाही.

संध्याकाळी माझ्या मांडीत लोखंड घुसलं. त्याआधी रैनूला अग्नी देऊन झाला होता, हे बरं झालं. मी तिथं उभा होतो.

दवाखाना झाला, पेन्शन झालं. पुढच्या थंडीत मी रैनूच्या गावाला गेलो. बस जिथं संपते तिथून लंगडत पायी. अंगात रैनूची जर्सी, वाळल्यावर माझ्याकडंच राहिलेली. त्याचा बाप अंगणात बसला होता. म्हातारा. उजव्या हाताची बोटं अस्वलानं चावून वाकडी केलेली.

"तो कुठी हाय?"

"तिकडंच अग्नी देल्ला, बाबा. मी होतो."

"अन त्याचं धनुष्य?"

"जळलं."

मग म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करायचा आणि त्याचं धनुष्य त्यावर टांगायचं. धनुष्य नसेल तर दगड उभा होत नाही. रैनूचा दगड वर्षभर आडवाच पडून होता. मला दाखवला. वर गवत आलं होतं.

"नवं बनवा मग," मी म्हणालो.

"माप कुठून आणू? मापाचा माणूसच गेला."

मी उभा झालो. "बाबा, हे जर्सी रैनूची हाय. पाहा मले कशी बसते ते."

म्हाताऱ्यानं पाहिलं. खांदे पाहिले, बाह्या पाहिल्या. मग एक सरळ काठी आणून माझ्या पायाजवळ टेकवली. डावा हात काठीवरून वर वर आला आणि माझ्या भुवईवर थांबला. बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यानं विळ्यानं काठीवर खूण केली.

"बनवन कोण? भावानं बनवा लागते. रैनूले भाऊ नाही."

"मी बनवतो."

"तुले येते?"

"येते."

येत नव्हतं. पण म्हणून टाकलं होतं.

गावकऱ्यांनी भरीव बांबू तोडून दिले, ते मी बसच्या टपावर बांधून नागपूरला आणले. शेड मीच उभी केली. आत कोतसारखी व्यवस्था केली, कारण मला तेवढी एकच व्यवस्था माहीत होती. भिंतीवर फळी, फळीवर खिळे, प्रत्येक हत्याराच्या मागं त्याच्या आकाराची पांढरी रेघ. कोयता, रंधा, कानस, पटाशी. जागा रिकामी दिसली की कोणी उचललं ते कळावं. जुन्या बाजारातून लोखंडी बाक, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, आणला आणि सागाच्या फळीवर ठोकला. दारात विचारल्याशिवाय कोणी यायचं नाही.

माझी बायको शांता दाराबाहेरून म्हणे, "मे आय कम इन जी? जेवाले चला."

बांबू धुरात वाळवायला लागतात, ते मी तिच्या चुलीवर टांगले. ती म्हणाली, "लोकायच्या घरी चुलीवर शिंकं राहते. माह्या घरी बांबू. सैपाक करू का पहारा देऊ?" पण काढले नाहीत. रोज फिरवत गेली. का टांगले ते मी तिला सांगितलं होतं.

पहिलं धनुष्य बाकात चिरडलं. लोखंडाची पकड बांबूचे तंतू मोडते. रैनू तर पायाच्या अंगठ्यात धरायचा. मी बाक उखडून काढला आणि खाली बसलो. मांडीतलं लोखंड दुखायचं, तरी बसलो. दुसरं एका बाजूनं जास्त वाकलं. रैनू धनुष्य ओढून आभाळासमोर धरायचा आणि दोन्ही बाजू डोळ्यानं जोखायचा. शेडमध्ये आभाळ कुठलं? मी अंगणात यायला लागलो. शेजारी हसायचे, म्हातारा झाला नाही तं रामलीला सुरू केली. हसू दिलं.

शांता एकदा धुण्याची बादली ठेवून पाहत उभी राहिली. म्हणाली, "डावीकडून जाड दिसते जी." तिचं बरोबर होतं. मी काचेच्या तुकड्यानं डावी बाजू खरवडली. त्यानंतर ती न विचारता शेडमध्ये यायला लागली आणि मी काही म्हणालो नाही.

चुलीवरचे बांबू काळे झाले होते. त्यातल्या एकाचं धनुष्य शेवटी बरोबर वाकलं. बांबूच्या सालीची दोरी चढवली. माझ्या भुवईला लावून पाहिलं. बरोबर. मग किटमध्ये राहिलेली रायफलची पितळी तेलाची बाटली काढली, चिंदी घेतली आणि वरपासून खालपर्यंत पुसून काढलं, तीनतीनदा. हत्यार तयार झालं की हात आपोआप तेच करतो.

थंडीत परत गेलो. सारं गाव जमलं. म्हाताऱ्यानं धनुष्य डाव्या हातात घेतलं, वाकवलं, मान हलवली. मग नाकाजवळ नेलं.

"हे काय चोपडलं?"

तेव्हा मला मोहाचं तेल आठवलं. कितीतरी रविवार माझ्यासमोर रैनू तेच चोळत बसलेला. बाजूचा एक माणूस म्हणाला, हे चालत नाही, राखेनं घासून काढा लागन. मी म्हणालो, "द्या इकडं, मी घासतो."

म्हाताऱ्यानं दिलं नाही. परत वास घेतला. लहान लेकराच्या डोक्याचा घेतात तसा.

"राहू दे," तो म्हणाला. "सुट्टीत आला का त्याच्या हाताले हाच वास राहे. माय म्हणे, हात धू. धूतला तरी राहे."

माणसांनी दगड उभा केला. म्हाताऱ्यानं मला पुढं ढकललं आणि मी धनुष्य टांगलं, दोरी सैल करून. मग मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला.

आता म्हातारा पण नाही. मी दर थंडीत जातो. दोरी बदलतो, तेल लावतो. कोणतं ते सांगायला नको. मागच्या थंडीत धनुष्य काढून जमिनीवर उभं धरलं तर ते माझ्या भुवईच्या वर गेलं, पार केसांपर्यंत. पाठ वाकली माझी, दुसरं काही नाही. धनुष्य तेवढंच आहे.

शिपाई रैनू, एलएमजी नंबर दोन. तो पण तेवढाच आहे.