एकाच वाडग्यातला चहा

जपानमध्ये ओजिमाला असताना आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी आजी राहायच्या. चहाविधीच्या वर्गाला मला त्यांनीच ओढत नेलं. "घरात बसून कुजशील," म्हणाल्या. तिथे गेल्यावर कळलं, घट्ट चहा सगळ्या पाहुण्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा! आपण घोट घ्यायचे, कड कागदाने पुसायची आणि वाडगा पुढच्याकडे द्यायचा. मी पुण्याची. कुणाचं उष्टं तोंडाला लावणं मला जमायचंच नाही. आजींनी ते ओळखलं आणि मुद्दाम मला आपल्या शेजारी बसवलं. "माझ्यानंतर पिऊन मेलीस तर सांग हं!" हळूहळू किळस गेली. पुढे तर त्यांच्या हातून वाडगा आला नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग आजींच्या जिभेला कॅन्सर निघाला. अर्धी जीभ काढली. बोलणं बोबडं झालं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी जरा बऱ्या होताच वर्गात हजर! दार सरकवताना मला म्हणाल्या, "एवढंच उरलंय बघ मला."

त्यांची जागा कायम पहिली. त्या दिवशी शिक्षिकाबाई गोड हसून म्हणाल्या, "आज तुम्ही शेवटी बसा. दाराजवळ बरं पडेल." शेवटचा पाहुणा उरलेला चहा संपवतो. म्हणजे आजींनंतर कुणालाच प्यावं लागणार नव्हतं. वर्गातल्या बाकीच्या दोघी चटईकडे बघत राहिल्या. माझं डोकंच सणकलं. अहो, हा रोग काय लाळेतून लागतो? आमच्याकडे निदान तोंडावर बोलले असते. इथे वाकून, हसून माणसाला बाहेर काढतात!

आजी मुकाट्याने शेवटी जाऊन बसल्या. मी उठले आणि त्यांच्याही पलीकडे, दाराला खेटून बसले.

वाडगा फिरत आजींकडे आला. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. आता कड पुसतील म्हणून मी हात पुढे केले. त्या थांबल्याच नाहीत. तो चहा पिठल्यासारखा दाट, वर कडूजहर. प्रत्येक घोटाला त्यांची मान ताठ होत होती. हनुवटीवरून हिरवा ओघळ किमोनोवर उतरला, तरी त्यांनी वाडगा तोंडाचा काढला नाही. सगळा संपवला. माझ्या हातांकडे न बघता तो शिक्षिकाबाईंपुढे ठेवला आणि सगळ्यांना त्रास दिल्याबद्दल वाकून माफी मागितली.

जिन्यात मी भडकलेच. "माझ्यासाठी का नाही ठेवलात? मी पिणार होते ना!"

"माहीत होतं," त्या जड जिभेने, एकेक शब्द लावत म्हणाल्या. "तू प्यायली असतीस, तर पुढच्या वेळी त्या दोघी तुझ्यानंतर प्यायल्या नसत्या. तुला इथे अजून राहायचंय."

त्या परत गेल्या नाहीत. मीही त्या वर्गाचं तोंड पाहिलं नाही. आजींना मात्र त्या वारेपर्यंत, "वर्गाला दर आठवड्याला जाते," असंच सांगत राहिले.