बापाची गोष्ट मुलाच्या तोंडी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला विचारलं, "आजी, आजोबांना ज्या गटाने वाचवलं तो गट मामाला का घेत नाही? दुष्ट आहेत का ते लोक?" मामा शेजारच्याच खोलीत होता, म्हणून मी विषय बदलला. ते लोक दुष्ट नाहीत. काय घडलं ते माझ्याशिवाय कोणी नीट सांगणार नाही. गेल्या महिन्यात मामाला पुन्हा आकडी आली आणि डॉक्टर म्हणाले, आता परत येऊ देऊ नका. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. तेव्हा आत्ताच लिहिते. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा. तिला यातलं अर्धं माहीत आहे.

तुमचे आजोबा दारू पीत, हे तुम्हांला सांगितलेलं आहे. कोपरीत एका शाळेच्या वर्गात दर मंगळवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची सभा भरते. आजोबा तिथे एकवीस वर्षं, अगदी शेवटच्या आजारापर्यंत गेले, आणि त्या वर्षांत त्यांनी थेंबही घेतला नाही. बाक गोल मांडायचे, चहा घ्यायचा, मग एकेकाने उठून आधी म्हणायचं, मी दारुडा आहे. त्यानंतर आपली गोष्ट. मध्ये कोणी बोलायचं नाही. महिन्यातून एक सभा घरच्यांसाठी खुली असते. बाकीच्या बंद, ज्याला दारूचा त्रास आहे त्याच्यापुरत्या.

मामाने दारूला कधी हात लावला नाही. बापाला पाहिलं होतं. पण नोकरी गेली, पाठोपाठ झोप गेली, आणि पंधरा दिवसांसाठी दिलेल्या झोपेच्या गोळ्या तीन वर्षं चालल्या. वर्तकनगरच्या आपल्या घरात मला त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, उशीच्या अभ्र्यात सापडल्या, आजोबांच्या तसबिरीमागेही सापडल्या. जेवताना त्याची मान ताटाकडे कलायची. हाक मारली की हसायचा आणि म्हणायचा, "जागा आहे गं." जागा नसायचा.

मी गटाच्या नंबरवर फोन केला. नाव सांगितलं नाही. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते.

"दारू आहे का, ताई?"

"नाही. गोळ्या."

"मग आमच्या बंद सभेत त्यांना नाही बसता येणार. कल्याणला गट आहे, गोळ्या, गर्द, सगळ्यांसाठी. पत्ता देतो."

"अहो, व्यसन ते व्यसन. बाटली काय आणि गोळी काय."

"असेलही, ताई. पण आम्हांला बाटलीचंच कळतं."

पत्ता मी स्वच्छ अक्षरात लिहून घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. गर्द घेणाऱ्या पोरांत माझा मुलगा बसणार नाही, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं. माझा विश्वास कोपरीच्या त्या एका वर्गावर होता. माझं माणूस तिथून परत आलं होतं.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. परीक्षेत काय लिहिलं की मार्क मिळतात हे मला चांगलं कळतं. तसंच मी मामाला शिकवलं.

"आई, मी पीत नाही."

"म्हणायला काय जातं? आत तर शीर. एकदा आत गेलास की ते तुला सांभाळतील."

"आणि गोष्ट कुठून आणू?"

"तुझ्या बाबांच्या कमी आहेत का?"

तो हसला. "चला, बाबांकडून एवढं तरी मिळालं."

मी कागदावर मुद्दे काढले. त्यातला मोठा मुद्दा असा. तुमची आई पहिलीत असताना आजोबांनी तिच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीत दारू लपवली होती. निळी बाटली, बदकाच्या तोंडाचं झाकण. सकाळच्या घाईत मी तीच तिच्या दप्तराला लावली. मधल्या सुट्टीत शाळेतून बोलावणं आलं. मामाला मुलगी नाही, म्हणून मी मुलीच्या जागी भाची घातली. थोरले, ती भाची म्हणजे तू. तुला न विचारता मी तुला त्या खोट्यात बसवलं, म्हणूनही हे तुला सांगायला हवं.

मामा गेला, म्हणाला, मी दारुडा आहे, आणि बापाची गोष्ट आपली म्हणून सांगितली. कोणी शंका घेतली नाही. अमक्याचा मुलगा, मग पिणारच. तो मंगळवारमागून मंगळवार जाऊ लागला. घरी मात्र गोळ्या चालूच होत्या. तिथे त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण बोलला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. मी शेजाऱ्यांना, तुमच्या आईला, दूधवाल्याच्या बायकोलासुद्धा सांगत होते, त्याची दारू सुटली. नसलेली दारू.

तीन महिने झाले तेव्हा खुल्या सभेत त्याला पदक दिलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर पदक ओट्यावर ठेवलं, घरभरच्या गोळ्या गोळा केल्या आणि संडासात टाकून पाणी ओतलं. "तिथे सगळे एका दिवसात सोडल्याचं सांगतात," तो म्हणाला. "मीही सोडतो. निदान ते पदक खरं होईल."

मला आनंद झाला. मी शिरा केला.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो जिन्यात कोसळला. दात घट्ट मिटलेले, हातपाय वेडेवाकडे आपटत होते. खालच्या मजल्यावरच्या मुलीने त्याच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला. तो नंबर भाऊंचा होता. भाऊ म्हणजे कोळीवाड्यातले आजोबांचे मित्र, गटात आजोबांच्या आधीपासूनचे. खाडीवर होड्या होत्या त्यांच्या, दारूत गेल्या.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विचारलं, "काही घेतात का हे? व्यसन?"

मी म्हटलं, "दारू होती. तीन महिने बंद आहे."

"दुसरं काही? औषधं, गोळ्या?"

"नाही."

मुलांनो, मला भीती वाटत होती म्हणून मी खोटं बोलले असं नाही. ते वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की तेच पहिलं आलं, आणि एकदा आल्यावर मला ते मागे घेता येईना. आत मामाला पुन्हा आकडी आली. डॉक्टर धावले. मी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसले, पर्सची चेन उघडत आणि लावत.

भाऊ आले ते पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेल्या अवस्थेत, मासळीच्या वासासकट. त्यांनी आधी विचारलं, "काय सांगितलं डॉक्टरला?"

मी सांगितलं.

"वैनी, ह्यो पीत नाय."

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"बदकाचं झाकन मी ह्याच्या बापाच्या तोंडून धा वेळा आयकलंय. पयल्याच मंगळवारी वळखलं. गप रायलो. म्हटलं, आज बापाचं बोलतोय, उद्या आपलं बोलंल. चुकलो." त्यांनी काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. "खरं काय घेतो तो? मना नको सांगू. तिकडं जा आनि डॉक्टरला सांग."

मी उठले. काचेचं दार ढकलून आत गेले आणि गोळीचं नाव, किती वर्षं, दिवसाला किती, कधी थांबवली, सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. "हे आधी सांगायला हवं होतं, आजी," एवढंच म्हणाले आणि नर्सला दुसरं इंजेक्शन आणायला सांगितलं. ही गोळी एकदम तोडायची नसते, महिनोन् महिने थोडी थोडी उतरवायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. कल्याणच्या गटातल्या कोणालाही ते पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

नंतर मी भाऊंवर चिडले. म्हटलं, तुमच्या नियमानेच मला खोटं बोलायला लावलं. सगळ्यांना आत घेतलं असतं तर हे झालं नसतं.

"व्हय," ते म्हणाले. "आनि आत घेऊन आमी काय सांगितलं असतं? आज फेकून दे. तुझ्या नवऱ्याला तेच सांगितलं. आमच्याकडं तेवढं एकच औषध हाय, वैनी. दारूवाला बसला की मना त्याच्या घशातली आग ठावं असते. ह्याची मना नाय ठावं. मी मान हलवीन, पन ती खोटीच हलंल."

मला तेव्हा हे पटलं नाही. आज अर्धं पटतं. नियम बरोबर असेल, पण पत्ता हातात देऊन फोन ठेवणं पुरेसं नव्हतं. तेवढ्यावर माझ्यासारखी बाई पत्ता ड्रॉवरमध्ये टाकते. भाऊंनी हे गटात मांडलं. कोणी मान्य केलं नाही, कोणी नाकारलंही नाही. मग ते स्वतःच दर शनिवारी मामाला घेऊन कल्याणला जाऊ लागले. तिथल्या बंद सभेत त्यांनाही बसता येत नाही, त्यांचं व्यसन जुळत नाही म्हणून नव्हे, ते केवळ सोबतीला आले म्हणून. ते बाहेर पायरीवर दीड तास बसतात. सत्तरी उलटलेली आहे.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मामाने दोनदा पुन्हा दुकानातून गोळ्या आणल्या. गेल्या महिन्यात घाबरून पुन्हा एकदम सोडल्या, तेव्हाची ती आकडी. आता तो बोलताना शब्द विसरतो, माझं वय विसरतो. संध्याकाळी हात थरथरतात म्हणून मी त्याला चहा अर्धा कपच देते. तो मला म्हणाला, "आई, आता मला सोड." गेले काही दिवस मी देवाला काही मागत नाही, कारण काय मागावं ते ठरत नाही.

गेल्या शनिवारी मात्र तो कल्याणच्या सभेत बोलला, त्यानेच येऊन सांगितलं. भाऊंना दाराबाहेर ऐकू आलं नाही, आणि काय बोललास ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर त्याने डॉक्टरांनी ठरवलेली पाव गोळी माझ्यासमोर घेतली, आणि पाण्याचा पेला स्वतः धुऊन ठेवला. मामा अजून आहे.