सुनेच्या गाडीचा कार्बोरेटर

माझा मुलगा मूर्ख आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला आईच्या मायेची आठवण करून द्यायला येणार नाही.

माझी सून गुरांची डॉक्टर आहे. तिचा दवाखाना खाली, मोठ्या रस्त्याला लागून, पण पेशंट सगळे वर डोंगरातल्या वस्त्यांवर. तिथली अर्धी वाट डांबरी आणि अर्धी नुसती दगडगोट्यांची, म्हणून तिनं दोन्हीवर चालणारी उंच मोटरसायकल घेतली. मागे औषधांची पेटी बांधायची, पाठीला दोरखंडांची पिशवी लावायची आणि निघायचं. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आलेली ही बाई घरी येऊन अंघोळ करते आणि मुकाट माझ्याशेजारी भाजी चिरायला बसते. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी फारच मऊ आहे. मऊ कसली, तिला फुकट बोलायची सवय नाही एवढंच.

मुलगा विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे कसे नाकारता येतील ते दिवसभर खुर्चीत बसून बघतो. सुट्टीच्या दिवशी मात्र याच्या अंगात शर्यत संचारते. स्वतःची गाडी नाही, पण बायकोची आहे ना! आयत्या बिळावर नागोबा. जोडीला एक मित्र, त्याला सगळे टर्बो म्हणतात. या दोघांनी मिळून सुनेच्या गाडीत मोठा पिस्टन बसवला आणि सायलेन्सर बदलला. गाडी धड चालत होती, हाच तिचा गुन्हा. आता त्या थोराड इंजिनाला जुना कार्बोरेटर पुरेना. मूठ पिळली की गाडी उचक्या द्यायची.

हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवतो तो कार्बोरेटर. मला हे ठाऊक आहे, कारण जेवणाच्या टेबलावर कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. सुनेनं चार ठिकाणी चौकशी करून एक निवडला होता.

“यात काय विशेष?” मी विचारलं.

“आई, यात आपण मूठ कितीही पिळली तरी आतला पडदा इंजिन ओढेल तेवढाच वर जातो. त्यामुळं चढावर, विरळ हवेत गाडी सांभाळून घेते. आणि मूठ हलकी असते.”

“हलकी मूठ म्हणे!” मुलगा हसला. “अगं, शर्यतीचा घे. मूठ पिळली की दार सताड उघडं. गोळीसारखी सुटशील.”

“मला सुटायचं नाहीये, पोचायचंय. त्याची मूठ जड असते. चढ संपेपर्यंत मनगट बधिर होतं, आणि त्याच हातानं मला आत वासरू फिरवायचं असतं.”

“मग जिमला जा, वहिनी,” जेवायला आलेला टर्बो म्हणाला, आणि दोघं खिदळले.

माझ्या हातात भाताचा डाव होता. त्याच्या डोक्यात घालायचा राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. मी जन्मभर कपडे शिवले. ज्याच्या अंगावर कपडा चढायचा, त्याचं माप घ्यायचं, एवढी साधी गोष्ट आहे. इथं मात्र उंटावरून शेळ्या हाकणारे दोघं, आणि डोंगर चढणारीला विचारायला कुणी तयार नाही.

सुनेनं वाद घातला नाही. तिनं निवडलेला कार्बोरेटर मागवला आणि कामाला लागली. आणि माझ्या या दिवट्यानं दुकानदाराला परस्पर फोन करून मागणी बदलली! शर्यतीचा आला. दोघांनी तो गाडीवर चढवला, घरामागच्या सरळसोट रस्त्यावर गाडी भन्नाट पळवून पाहिली, त्या वेगाला पुरेल एवढं पेट्रोल येईल असा तो जुळवून दिला आणि चावी तिच्या हातात ठेवली. वर म्हणतो, “सरप्राइज!”

तिचा चेहरा उतरला. तिनं एवढंच विचारलं, “चढावर नेऊन बघितली का?”

“चढ काय घेऊन बसलीस, भिंतीवर चढेल ही.”

ती दुसरा कार्बोरेटर मागवणारच होती. पण त्याच आठवड्यात भर दुपारी वरच्या वस्तीवरून फोन आला. तिथं एक म्हातारी एकटी राहते. तिची गाय अडली होती, वासराचं डोकं मागे वळलेलं. सून जेवत्या ताटावरून उठली.

ती परत आली तेव्हा गाडीचा आवाज आलाच नाही. उतारावरून इंजिन बंद ठेवून तिनं गाडी घरंगळत आणली होती. कपड्यांवर रक्त वाळलेलं, उजवा हात पोटाशी धरलेला. पायरीवर बसून तिनं मला सांगितलं, ते तसंच लिहिते. जसजशी उंची वाढली तसतशी हवा विरळ झाली, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहिलं. इंजिन गुदमरलं, प्लग काळा पडला. किका मारून मारून ती थकली, मग पेटी उचलून पायी निघाली. पोचली तेव्हा वासरू मेलेलं होतं. ते काढून निदान गाय वाचवायला तिनं हात आत घातला, तर जड मूठ पिळून आणि पेटी वाहून बधिर झालेली बोटं वळेनात.

“बोटांना कळतच नव्हतं, आई. डोकं हाताला लागत होतं, पण धरता येत नव्हतं.”

गायही गेली.

मुलगा ऑफिसातून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, “पेट्रोलमध्ये कचरा असेल. नाहीतर तूच चोक ओढून ठेवला असशील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सून मात्र उठली, पाने-पक्कड घेऊन आली आणि तो शर्यतीचा कार्बोरेटर उतरवू लागली. “मी काढतो ना,” म्हणत तो पुढे झाला. ती म्हणाली, “हात लावू नकोस.” एवढंच, पण त्या आवाजात ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. पुढे तिनं स्वतः निवडलेला कार्बोरेटर मागवला, गॅरेजात उभं राहून बसवून घेतला आणि चढावर गाडी चालवून खात्री करून घेतली.

सुट्टीच्या दिवशी टर्बो फाटकाशी हजर. मुलगा अंगणात आला, जणू काही घडलंच नाही. “चावी दे गं. बघून येतो, कशी चालते.”

सून गाडीवर बसलेलीच होती. “मागे बस,” ती म्हणाली.

“कुठं जायचंय?”

“वरच्या वस्तीवर. त्या आजी सगळ्यांना सांगतायत, गाईचं नशीबच खोटं. मलाही तेच म्हणाल्या, आणि वर माझे हात धुवायला गरम पाणी दिलं. नशिबाचा काय संबंध? गाडी का बंद पडली, ते तू त्यांना सांगायचंस. तुझ्या तोंडानं.”

टर्बोनं काढता पाय घेतला. मुलगा मग माझ्याकडे वळला, लहानपणी मार चुकवायला वळायचा तसा. “आई, तू तरी सांग ना हिला.”

मी म्हटलं, “हेल्मेट घाल.”