हात तर मांडीवरच होते

डोणगावात बसस्टँडच्या मागे प्रसेनजितचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर आडवी बांधून आणतात, आणि आल्या आल्या प्रसेनजितकडे न बघता रेणुकाकडे बघतात. प्रसेनजित जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. रेणुका त्याची थोरली बहीण. तिचं सासर गावातच आहे. बाहेरगावचं स्थळ तिने कधी उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नव्हतं. सकाळचा स्वयंपाक उरकला की ती दुकानात स्टुलावर येऊन बसते, लोकांचं बोलणं हातांनी भावाला सांगते आणि भावाचे हात तोंडाने लोकांना.

ही हातांची भाषा कुठल्या शाळेतली नाही. दोघांनी ती लहानपणी अंगणात खेळता खेळता जुळवली. वडील भाऊराव म्हणजे मिशीला पीळ, रेणुका म्हणजे गालावरचा तीळ, लोणार म्हणजे ओंजळ, राग म्हणजे कपाळावर मूठ. घराबाहेर कोणालाच ती येत नाही, आणि रेणुकाला त्याचा जरा तोराही आहे. का नसावा?

गावाने मात्र तिला भलत्याच कामांना जुंपलं. बोअर पाडायला तमिळ माणसांची गाडी आली तेव्हा कडूबा नावाचा शेतकरी तिला न्यायला दारात हजर.

"मी कुठं शिकली त्यायची भाषा?" रेणुका म्हणाली.

"पन तुले हातानं बोलता येते नं! चाल लवकर."

ती गेली. पाइप, पाणी, जेवण, एवढं तिने खरोखर जमवून दिलं. मग लकव्याने शालूबाईंची वाचा गेली तेव्हा त्यांच्या सुना आल्या: सासू नुसती टक लावून बघते, काय मागते ते सांग. रेणुकाने बराच वेळ म्हातारीचे डोळे न्याहाळले आणि सांगितलं, खिडकी उघडा. खिडकी उघडली, शालूबाईंनी डोळे मिटले, सुना खूश. पुढे लोक स्वप्नंसुद्धा घेऊन यायला लागले, तेव्हा तिने हात जोडले. पण ती खिडकी तिच्या डोक्यातून काही जात नव्हती. शालूबाईंना खरंच वारा हवा होता, की सगळ्यांनी एकदाचं विचारायचं थांबावं एवढंच हवं होतं? ज्याचं बोलणं आपण सांगतो, त्याला ते आपलं वाटतं का? कोणाला विचारणार? असे प्रश्न पडणारी ती गावात एकटीच.

आणि एक सवय तिने कोणालाच सांगितली नव्हती. ती बोलणं जसंच्या तसं पोचवत नसे, चाळून घेत असे. कडूबाची मोटर दुसऱ्यांदा जळली तेव्हा त्याने दुकानात येऊन ती लाथाडली. "मुक्याच्या हाती देल्ली अन् सत्यानाश झाला!" रेणुकाने भावाला खुणेने सांगितलं, काम चांगलं आहे म्हणतात, फक्त घाई आहे. प्रसेनजितचे हात तावातावाने उठले. ती कडूबाला म्हणाली, "दादा, उद्या या, करून ठेवतो म्हनते तो." गिऱ्हाईक टिकलं, भांडण टळलं. असली घाण आपल्या हातांनी कोण आपल्या भावाला देईल? मला तरी जमलं नसतं.

अशात लोणारहून स्थळ आलं. मुलगी पुष्पांजली, तीही बहिरी. मूकबधिरांच्या निवासी शाळेत शिकलेली आणि आता फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करणारी. तिची भाषा शाळेतली, पक्की. प्रसेनजितने फोटो पाहिला आणि दिवसभर एकच मोटर पुसत बसला. हे जमावं म्हणून रेणुकाचा जीव टांगणीला लागला होता. याआधी दोन घरांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

लोणारला जय भीम झाला, पोहे झाले, आणि मुलीचे वडील वामनराव मुद्द्यावर आले. मुलगा नशापाणी करतो का? छे. दुकान स्वतःचं? स्वतःचं. पोरीला कामावर जाऊ देणार का? रेणुका म्हणाली, "आनंदानं जाऊ देईन म्हनते तो." सगळं कसं तेल घातलेल्या चाकासारखं चाललं होतं. भाऊरावांनी तर मिशीवरून हातही फिरवला.

तेवढ्यात पुष्पांजलीने हात वर केला. तिची बोटं आईकडे वळून झरझर चालली. आई कलाबाई अवघडल्या.

"वाईट नका वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हनते, मी मघापासून पोराचे हात पाहून राह्यली. ताई उत्तर देऊन राह्यल्या, पन त्याचे हात तर मांडीवरच होते. मंग हे उत्तरं कोनाचे व्हय?"

आम्ही कानाची माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हातांकडे बघायचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रेणुकाचे कान तापले.

कलाबाई पुढे म्हणाल्या, "ती त्याले विचारते, तुले राग कशाचा येते?"

हा प्रश्न रेणुकाने भावाला जन्मात विचारला नव्हता. तिने कपाळावर मूठ टेकवली, भुवया उंचावल्या. प्रसेनजितने तिच्याकडे बघितलं. खरंच विचारतेस का, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मग त्याचं बोट आपल्या गालावर गेलं, रेणुकाचा तीळ असतो तिथे.

पुढचे हात ती बघत राहिली. लाथ. मोटर. वाकडं झालेलं तोंड. आणि मग तिचीच खूण, चांगलं, चांगलं, अगदी तिच्यासारखी मान हलवून.

या घरात ही भाषा तिच्या नि भाऊरावांच्याखेरीज कोणालाही कळत नव्हती, आणि भाऊरावांना मोडकीतोडकी. लाईट गेली की राग येतो, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. सोयरीक पक्की झाली असती. ज्याचं बोलणं आपण सांगतो, त्याला ते आपलं वाटतं का, हा प्रश्न पहिल्यांदाच कोणाला तरी विचारता आला होता, आणि त्याचं उत्तर समोर हात पसरून उभं होतं.

"मले ताईचा राग येते," रेणुका म्हणाली. आणि ती थांबली नाही. "लोकं शिव्या देतात, ताई मले चांगलं म्हनतात म्हून सांगते. लोकायचे तोंडं मले दिसतात. मी चिडलो का ताई त्यायले गोड सांगते. ताई माह्याशी खोटं बोलते. मी का लहान हाव?"

भाऊराव खोकले. वामनराव पोह्याच्या रिकाम्या बशीकडे बघत बसले. कलाबाईंनी ते लेकीला खुणांनी सांगितलं, आणि पुष्पांजली हसली, अगदी मोकळी, आवाज काढून. मग आईकडे बोट दाखवून काही म्हणाली. कलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माही आईबी अशीच करते म्हनते."

पुष्पांजली उठली, खुर्ची ओढत प्रसेनजितच्या समोर आणून बसली. तिने एक खूण केली. त्याला कळली नाही. तिने बोटाने हवेत मोटर काढली, फिरवली, परत तीच खूण केली. त्याने ती गिरवली आणि आपली एक तिला दिली. बघता बघता चार हात असे गुंतले, की कोण शिकवतं आणि कोण शिकतं तेच कळेना. मध्येच प्रसेनजित खळखळून हसला. तो कशाला हसला हे जाणून घ्यायला रेणुकाचा जीव तळमळत होता.

"रेणुका," भाऊरावांनी विचारलं, "काय म्हनून राह्यले बाप्पा ते?"

सगळे तिच्याकडे वळले. उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं चाललंय म्हणतात. रेणुकाने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मले नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "त्यायलेच विचारा."