कवळ आणि कवळी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मी तिशीचाही नव्हतो अन् हिरड्यांतून रक्त यायचं. भाकरी चावली की घास लाल. पुढचे दात तर जीभ लागली तरी हलायचे.

नेवाशाच्या वैद्याकडं गेलो. त्याच्या गालात पानाचा तोबरा. माझं तोंड उघडून बघितलं अन् म्हणाला, "तंबाखू बंद. आणि कवळ कर." मी ऐकलं, कवळी कर! या वयात कवळी? पुढचं ऐकायला थांबलोच नाही. उठलो तो तडक घरी.

बायकोला म्हणालो, "समदे दात काढाय सांगतोय."

"आवं, हालत्यात चार आन् काढायचे समदे? चला, मीच इचारते त्याला."

दुसऱ्या दिवशी ती पुढं अन् मी मागं. वैद्य हसून बेजार झाला. "अहो बाई, कवळी नव्हे, कवळ! तिळाचं कोमट तेल तोंडात घ्यायचं, खळखळवायचं, थुंकायचं. वर कोमट पाण्याच्या गुळण्या."

मग रोज सकाळी मी ओट्यावर गाल फुगवून बसायचो. एरवी मी कुणाला बोलू देत नाही. तिनं ती वेळ बरोबर साधली. माझ्या आईचं, माझ्या तापट डोक्याचं, सगळं तेव्हाच ऐकवायची. मी हूं हूं केलं की म्हणायची, "आधी थुका, मग भांडा." थुंकेपर्यंत बाई पाण्याला गेलेली.

ती गेली, त्याला आता वर्ष होईल. तेल अजून धरतो. समोर कुणी बोलत नाही, मग लवकर थुंकून टाकतो.

पण तेल धरायला लागलो त्या साली उसाच्या दिवसांत सोनईला सासुरवाडीला गेलो होतो. मेव्हण्यानं चारचौघांत ऊस पुढं केला. "दाजी, बारीक तुकडे करून देऊ, का रसच काढू?"

सगळे हसले. ती दारातून बघत होती. मी ऊस हिसकावला, दातानं टराटरा सोलला अन् कचाकचा चावला. चोथा थुंकला तर तिनं पुढं येऊन तो उचलला. पांढराफेक. रक्ताचा टिपूस नाही.

"बघ रं, डोळं फाडून बघ!" भावाच्या नाकापुढं तिनं तो चोथा नाचवला. मग आईला दाखवला, भावजयीला दाखवला, अन् पदर खोचून शेजारणीला दाखवायला निघाली.