झडप कोणत्या जनावराची?

"काका, तुमच्या हृदयाचं एक दार नीट उघडत नाहीये," इको करता करता डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

आजाराचं नाव विचारायचं सोडून मी म्हणालो, "यातलं दार कुठलं? दाखवा ना."

त्या हसल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. करड्या धुक्यात एक जाडसर पांढरी रेघ कशीबशी हलत होती. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त जातं त्या वाटेवरची ती झडप. वयामुळे तिच्यावर कॅल्शियम साचून ती कडक झाली होती. याला 'एओर्टिक स्टेनोसिस' म्हणतात.

मग मागचं सगळं उलगडलं. मी जन्मभर त्र्यंबकेश्वरला पूजा सांगितल्या. अलीकडे संकल्प म्हणताना मध्येच थांबावं लागे. यजमानांना वाटे, गुरुजी विसरले. मला वाटे, वय झालं. शेवटी कुशावर्त कुंडाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मुलीच्या गाडीत, नाशिकच्या रस्त्याला होतो. माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगतो, चढताना लागणारा दम वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका.

माझी फुप्फुसं अशक्त, त्यामुळे छाती उघडून ऑपरेशन करणं धोक्याचं होतं. मॅडमनी 'टावी' सुचवली. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालायची, घडी घातलेली नवी झडप हृदयापर्यंत न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच उघडायची.

"छत्रीसारखी?"

"साधारण तशीच."

"आणि ती करतात कशाची?"

"चौकट धातूची," मॅडम म्हणाल्या. " पाकळ्या मात्र जनावराच्या हृदयाभोवतीच्या आवरणाच्या. एका प्रकारात गाईच्या, दुसऱ्यात डुकराच्या."

माझी बायको सुमती शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी मोबाईलशी चाळा करू लागली. जनावराचा अंश नसलेली, कार्बन-धातूची झडपही मिळते, पण ती छाती उघडूनच बसवावी लागते, असं कळलं.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. नवी झडप केवढी हवी ते मापायला सीटी स्कॅन झाला. दातांच्या डॉक्टरकडेही पाठवलं, कारण किडक्या दातातला संसर्ग रक्तातून झडपेपर्यंत पोचू शकतो. हे मला फार नवल वाटलं.

सीटीच्या बाहेर मालेगावचे रशीदभाई भेटले. पूर्वी त्यांचे यंत्रमाग होते. त्यांनाही टावीच करायची होती. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला गाय नको, मला डुक्कर नको. बिचाऱ्या डॉक्टरनं करायचं काय?" आम्ही दोघं इतके हसलो की दोघांनाही दम लागला आणि नर्स धावत आली.

मॅडमना मी पुन्हा सगळं विचारलं. जनावर झडपेसाठीच मारतात का? त्या म्हणाल्या, "नाही, मांसासाठी मारलेल्या जनावराचं आवरण घेतात. पण तुमच्या समाधानासाठी मी ते गोड करून सांगणार नाही." माझ्या हृदयातली विजेची वाट आधीच मंद होती. डुकराच्या आवरणाच्या झडपेची ठेवण अशी, की माझ्या बाबतीत पेसमेकर लागण्याची शक्यता वाढली असती. त्यांचा सल्ला गाईच्या झडपेचा होता.

लोक मला आयुष्यभर विचारत आले, 'गुरुजी, हे चालतं का?' आता तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. घरी सुमतीला म्हणालो, "तू काहीच बोलत नाहीस."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुम्ही पायऱ्यांवर पडलात तेव्हा मी तुमच्याशीच फोनवर बोलत होते, अहो. नुसता लोकांचा गलका ऐकू येत होता. पाप लागलं तर निम्मं माझ्या नावावर घाला. पण घरी या."

मी हो म्हटलं.

टावीच्या वेळी पूर्ण भूल दिली नव्हती. "आता झडप बसेपर्यंत हृदय मुद्दाम पळवतोय," मॅडम म्हणाल्या. छातीत जणू एक पक्षी अडकला, फडफडला, आणि क्षणभर जग फार लांब गेलं. मग आवाज आला, "बसली."

पण नाडी मंदावली. आयसीयूत मानेतून घातलेल्या, विजेचे ठोके देणाऱ्या तात्पुरत्या तारेवर हृदय चाललं होतं. ते आपल्या आपण चाललं नाही, तर पेसमेकर ठरलेला. मी मॉनिटरवरची रेघ बघत पडून होतो. कुठला ठोका माझा, कुठला तारेचा, हे नर्सनं मला शिकवलं. हळूहळू माझे वाढत गेले. तार काढली तेव्हा काचेपलीकडे उभी सुमती तोंडावर पदर धरून रडत होती.

आता मी कुशावर्ताच्या पायऱ्या दमानं चढतो, पण चढतो. रशीदभाईंचीही झडप गाईचीच. फोनवर ते मला 'भाऊ' म्हणतात.

तर्पणात ज्यांचं नाव-गोत्र माहीत नाही, त्यांनाही पाणी देता येतं. हे मी हजारो यजमानांकडून म्हणवून घेतलंय. यंदा पितृपक्षात आईवडिलांचं झाल्यावर तसाच गुडघाभर पाण्यात थांबलो. कुठल्या देशात, कुठल्या रानात ती चरली असेल, कोण जाणे. एक ओंजळ तिच्या नावानं सोडली.