शपथ झाली आणि आम्ही धुळ्याला निघालो

जळगावच्या कलेक्टर कचेरीतून फोन आला, "तुमच्या पक्षकाराला उद्या शपथेला घेऊन या," तेव्हा मी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये एवढ्या जोरात "हो!" म्हणाले, की शेजारचे वकील दचकले.

पक्षकार म्हणजे अमळनेरच्या एका बांगडीवाल्याची बायको. जन्म कराचीचा, लग्न इथल्या आतेभावाशी. भारतात राहत होती ती पुन्हा पुन्हा वाढवून घेतलेल्या व्हिसावर. गावाबाहेर जायचं तर आधी पोलिसांची परवानगी. तिच्या नागरिकत्वाचा अर्ज मी वकिलीत नवी असताना हाती घेतला होता. आमच्या मोहल्ल्यातली अशी कामं माझ्याकडे बरीच येत, पण इतकं रेंगाळलेलं हेच.

कचेरीचा जिना ती माझा हात घट्ट धरून चढली. साहेबांनी सहज विचारलं, "मराठी येतं का?" घरी घोकलेली शुद्ध मराठी तिच्या डोक्यातून पार उडाली. 'मला सगळं समजतं' म्हणायला गेली आणि तोंडून अहिराणी निघाली.

"माले बठ्ठं समजस, साहेब!"

साहेबही साक्रीकडचे, अहिराणीच बोलणारे निघाले. हसत म्हणाले, "मंग सोपं शे, अक्का."

शपथ घेताना सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, शेवटचं वाक्य मात्र खणखणीत आलं. दाराशी उभा नवरा टोपीनं डोळे पुसत होता. माझंही काही वेगळं नव्हतं.

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर येताच ती म्हणाली, "वकीलताई, आता मी कुठंही जाऊ शकते? कुणाला न विचारता? आजच?"

"आजच!"

"मग धुळ्याला चला."

तिची लेक धुळ्यात नर्सिंग शिकत होती. प्रवेशाच्या वेळी आईला धुळ्याला जायची पोलिसांची परवानगी मिळाली ती तारीख उलटून गेल्यावर. पुढे दर वेळी काहीतरी आडवं आलं आणि लेकीचं कॉलेज तिनं पाहिलंच नाही. मी दुपारचं काम सहकाऱ्यावर सोपवलं आणि आम्ही तिघं एसटीत बसलो. खिडकीशी ती. एरंडोल, पारोळा, प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती.

होस्टेलच्या फाटकाशी लेक धावत आली आणि मध्येच थबकली. हळूच म्हणाली, "अम्मी, परवानगी काढली ना?"

"आता नाही लागत, बेटा!"

लेकीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तिनं आईला ओढतच आत नेलं, खोली दाखवायला, मैत्रिणी दाखवायला. आम्ही दोघं बाहेर चहा पीत थांबलो. बांगडीवाला सारखा म्हणत होता, "अमळनेरची बस चुकली तर चुकू द्या!"